चित्रकला येत नाही, मग रंगवून काय होणार?

“मॅडम, रविवारीही मला स्वस्थ बसवत नाही. लिफ्टला दोन मिनिटं लागली तरी हात फोनकडे जातो. आणि तुम्ही म्हणता, चित्र काढा! शाळेतसुद्धा मला चित्रकला जमली नाही.”

मी कला-उपचार करते, म्हणजे चित्र-रंगांच्या आधाराने मनावरच्या ताणाबद्दल बोलतं करते. माझ्याकडे येणारे शहरी नोकरदार हेच वेगवेगळ्या शब्दांत सांगतात. ही गोष्ट पस्तिशीतल्या एका गृहस्थांची, ओळख पटू नये इतपत बदललेली.

बसल्या बसल्या त्यांनी पट्टी आणि खोडरबर मागितलं. मी दिलं नाही. मग फोनवर सूर्यास्ताचं चित्र शोधू लागले, बघून काढायला. गोम इथेच असते. ज्याचा अख्खा दिवस ‘बरोबर केलं ना?’ या धास्तीत जातो, तो कागदावरही परीक्षाच द्यायला बसतो.

मी टेबलावर मोठा कागद चिकटवला, जाड ब्रश हातात दिला. “अंगात जी घाई आहे, त्या वेगाने हात फिरवा. कसं दिसेल ते सोडा.” आधी चार-दोन सभ्य रेघा आल्या. मग निळ्यावर लाल, त्यावर पुन्हा निळा, तोही इतका दाबून की ओल्या कागदाचा भुगा निघू लागला. मध्येच थांबून म्हणाले, “माझा जबडा केवढा आवळलाय!”

चित्राचा अर्थ मी लावला नाही. गडद रंग म्हणजे नैराश्य, अशी कोष्टकं फिरत असतात. त्यांच्या नादी लागू नये. मी एवढंच विचारलं, “यात सगळ्यात जास्त गर्दी कुठे वाटते?” त्यांनी एक कोपरा दाखवला आणि रात्री अकराला येणाऱ्या ऑफिसच्या मेसेजेसबद्दल बोलू लागले.

आता ‘येत नाही’चं. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या २०१६च्या अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटं मार्कर, माती, कोलाज यांतून हवं ते केलं. सुमारे ७५ टक्के जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, उतरलं. आधीच्या सरावाने त्यात फरक पडला नाही. अर्थात अभ्यास छोटा होता, तुलनेला दुसरा गट नव्हता. त्यावरून रंगांना औषध म्हणू नये. झोप उडाली असेल, वारंवार धडधडत असेल, तर आधी डॉक्टर गाठा.

त्यांची अस्वस्थता कमी झाली, संपली नाही. रंगवल्याने मेसेज थोडेच थांबतात? पुढची सत्रं साहेबांशी वेळेबद्दल कसं बोलायचं, यातच गेली.