मोर्चे, सह्या, पोस्ट यांनी खरंच काही बदलतं का, की पुढच्या निवडणुकीची वाट बघत बसायचं?

बदलतं. पण प्रश्नात तुम्ही लिहिलंय की ‘आम्ही ऑनलाइन निषेध नोंदवला, पुढे काहीच झालं नाही’, तिथे मी अडकले. नोंदवला म्हणजे कुठे नोंदवला? कोणत्या रजिस्टरला? आवक क्रमांक मिळाला का? ज्या कागदाला उत्तर देणं कुणावर तरी कायद्याने बंधनकारक आहे, त्या कागदावर तुमचा विरोध उतरला नसेल तर तो अजून तुमच्या घरातच आहे. हे मी रागाने नाही, हरून शिकल्यामुळे सांगते आहे.

आमच्या गावात एसटी थांब्यामागे देशी दारूचं परवान्याचं दुकान होतं. महाराष्ट्रात २००८ च्या आदेशाप्रमाणे असं दुकान गावातल्या बायकांना मतदानाने बंद करता येतं. २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज द्यायचा, सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते हे, की झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत. यादीत जेवढ्या बायका आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवी पडावी लागतात.

आमच्या यादीत १,०४६ बायका. २६२ सह्या पुरल्या असत्या, आम्ही ३४० जमवल्या. पडताळणीला ग्रामपंचायतीत टेबल मांडलं होतं. एकेकीला विचारायचे, ही सही तुमचीच का, समजून केलीत का. दाराबाहेर दुकानमालकाचे भाऊबंद मोटरसायकलींवर बसून होते. एकीने सहीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि ‘माझी नाही’ म्हणाली. ती सही तिने माझ्याच पेनने, माझ्याच ओट्यावर बसून केली होती. तिच्यावर माझा राग नाही. तिचा नवरा त्या मोटरसायकलींपाशीच उभा होता आणि रात्री तिला त्याच घरात जायचं होतं. अशा ४९ सह्या गेल्या, तरी अर्ज टिकला.

मतदान झालं. आडवी ५११, उभी ९७, बाद ९. पाचपट मतं घेऊन आम्ही हरलो, कारण लागत होती ५२४. तेरा कमी.

त्या रात्री मी मतदार यादी आणि लाल पेन घेऊन बसले. न आलेल्या ४२९ जणींतल्या ३१ जणी हयातच नव्हत्या. त्यात माझ्या सासूबाई. सासऱ्यांच्या दारूपायी ज्यांच्या पाटल्या मोडल्या, त्या जाऊन सहा वर्षं झाली होती. यादीत मात्र होत्या आणि त्यांचं न पडलेलं मत दुकानाच्या पथ्यावर पडलं होतं. त्या नावावर पेन टेकवला तेव्हा मी पहिल्यांदा रडले.

आणि त्याच पानावर माझी धाकटी जाऊ. राहते पुण्यात, नाव आमच्या यादीत. घरच्या ग्रुपवर पहिल्या दिवसापासून लिहीत होती, ‘ताई, आम्ही सगळ्या तुमच्या पाठीशी आहोत.’ मतदान रविवारी होतं, एसटीने साडेतीन तास लागतात. आली नाही. नंतर म्हणाली, एका दुकानाने काय होणार, राज्याचं धोरण बदललं पाहिजे, सरकारला दारूचा महसूल सुटत नाही. महसुलाचं तिचं खरं आहे. पण चंद्रपूर जिल्ह्यात बायकांनी वर्षानुवर्षं लढून मिळवलेली दारूबंदी २०१५ साली लागू झाली आणि २०२१ साली मंत्रिमंडळाच्या निर्णयाने उठलीसुद्धा. मग धोरणाच्या भरवशावर एसटी थांब्यामागचं दुकान किती दिवस चालू ठेवायचं?

पुढची दीड वर्षं आम्ही एकही घोषणा दिली नाही. नमुना ७, म्हणजे मतदार यादीतून नाव वगळायचे अर्ज, भरले. मयत बायकांचे मृत्यूचे दाखले काढले, लग्न होऊन गेलेल्या आणि कायमच्या बाहेर राहणाऱ्या बायकांची नावं काढायला अर्ज दिले, अठरा पूर्ण झालेल्या मुलींचे नाव नोंदवायचे नमुना ६ भरून घेतले. मतदार यादीचं काम पाहणाऱ्या बीएलओ बाई कंटाळल्या, पण प्रत्येक घरी आल्या. माणूस राहतो तिथेच त्याचं मत असावं, असा कायदा आहे. म्हणून जावेच्या नावावर मी स्वतःच्या सहीने हरकत घेतली. यादी ९६२ वर आली. दुसऱ्या मतदानात ४८२ लागत होती, पडली ५२९. दुकानाच्या शटरला सील लागलं.

तुमच्या प्रश्नात विषय काय ते नाही, म्हणून नेमका अर्ज सांगता येत नाही. पण निर्णय कोण घेतं आणि मोजणी कशाची होते, हे आधी शोधा. ते कळत नसेल तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर अपील करा. मोर्चा वाईट नाही. आम्हीही काढला होता, पडताळणीच्या आधी, कारण घाबरलेल्या बायकांना एकमेकींचे चेहरे दिसायला हवे होते. पण मोर्चावरून घरी जाऊन झोपू नका.

एक सांगायचं राहिलं. दुकान बंद झालं म्हणून गावातली दारू संपली नाही, चोरून विकली जाते आणि त्याच्या तक्रारी आम्ही अजून करतो. बाहेरगावी राहणाऱ्या सगळ्याच बायका बेफिकीर असतात असंही नाही. मुंबईहून दोघी रात्रभर प्रवास करून आल्या होत्या, एकीच्या कडेवर तान्हं मूल होतं.

जाऊ त्यानंतर माझ्याशी धड बोलत नाही. ‘ताई, तुम्ही माझं सासरचं नाव पुसलंत’ म्हणते. नाव काढायच्या आधी तिला रीतसर नोटीस गेली होती, म्हणणं मांडायला वेळही होता. तिने पाकीट उघडलं नाही. आता तिचं मत इथे नाही आणि पुण्यातही नाही, आणि त्याचा दोष ती मला देते. हरकत घेण्याआधी मी तिला दोनदा सांगितलं होतं, नमुना ८ भर, नाव तिकडे जाईल. आताही पुण्यात नाव लावायला अर्ज मोबाइलवरून भरता येतो. मी तिला लिंक तीन वेळा पाठवली आहे.