सेकंड हँड एसयूव्ही इंजिन ऑइल खातेय, खाली गळती दिसत नाही. इंजिन उघडावं लागेल का?

लगेच नाही. मेकॅनिक 'रिंगा (पिस्टनभोवतीच्या, ऑइल वर जाऊ न देणाऱ्या कड्या) गेल्या' म्हणाला म्हणून तर अजिबात नाही.

आधी मोजा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसून बघा. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा, किलोमीटर लिहून ठेवा आणि 1000 किमीनंतर पुन्हा बघा. अर्धा लिटरच्या आसपास गेलं तर नजर ठेवा, लिटरभर गेलं तर कारण शोधायलाच हवं. तोवर लेव्हल खालच्या खुणेखाली जाऊ देऊ नका.

खाली डाग नाही म्हणजे गळती नाही असं नसतं. व्हॉल्व्ह कव्हरमधून (इंजिनच्या वरच्या झाकणातून) झिरपलेलं ऑइल गरम एक्झॉस्टवर पडून जळून जातं, फक्त वास येतो.

मग धूर. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना निळसर भपकारा येऊन थांबला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर, म्हणजे व्हॉल्व्हपाशी ऑइल अडवणाऱ्या रबरी सीलवर. हे सील इंजिनचं हेड (वरचा भाग) न उतरवताही बऱ्याचदा बदलता येतात. जोर दिल्यावर सतत निळा धूर येत असेल तर रिंगा किंवा टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा भाग). टर्बोच्या पाइपात आत बोट फिरवा: पातळ थर चालतो, ऑइल साचलेलं नको.

पण पहिला खर्च पीसीव्ही व्हॉल्व्हवर, म्हणजे इंजिनच्या आतली वाफ इनटेकमध्ये (हवा आत घेणाऱ्या मार्गात) सोडणाऱ्या व्हॉल्व्हवर करा. स्वस्त भाग आहे, आणि तो बिघडला की इंजिन ऑइल सरळ इनटेकमध्ये ओढतं. त्यानंतरही फरक पडला नाही तर लीक-डाउन टेस्ट करून घ्या: त्यात सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून ती कुठून निसटते ते बघतात. ऑइल फिलरमधून हवा फुसफुसली, तर रिंगा किंवा सिलिंडर झिजलेत.