लग्न मे महिन्यात, बाप्तिस्मा त्याच सालच्या फेब्रुवारीत

प्रश्न : माझे जावई इंग्लंडमधील डर्बीशर परगण्यातल्या एका लहान खेड्याचे. नातवासाठी त्यांच्या घराण्याची वंशावळ जुळवताना तेथील चर्चच्या नोंदींची छापील सूची पाहिली, तर एका पूर्वजाचे लग्न ३ मे १७३१ रोजी आणि त्याच्या थोरल्या मुलाचा बाप्तिस्मा २० फेब्रुवारी १७३१ रोजी झालेला! विहीणबाई जरा अवघडल्या आहेत. शिवाय १७८६ मधील एका बाप्तिस्म्यापुढे नुसते ‘पी’ हे अक्षर आहे, ते कशाचे? – एक वाचक, ठाणे

उत्तर : विहीणबाईंना निर्धास्त राहायला सांगावे. १७५२ पूर्वी इंग्लंडात कायदेशीर वर्ष १ जानेवारीला नव्हे, तर २५ मार्चला सुरू होत असे. त्यामुळे तिथे मे १७३१ आधी येतो आणि फेब्रुवारी १७३१ त्यानंतर, म्हणजे आपल्या हिशेबाने १७३२ मध्ये. आपल्याला तर हे सहज उमगावे. एखाद्या शकाच्या वैशाखात लग्न आणि त्याच शकाच्या फाल्गुनात मूल झाल्याचे वाचले, तर त्यात वावगे काही वाटत नाही. लग्नानंतर साडेनऊ महिन्यांनी बाप्तिस्मा, इतकाच त्या नोंदीचा अर्थ आहे. मूल विवाहबाह्य असते, तर पाद्रीबुवांनी बहुधा तसे स्पष्ट लिहिले असते. या बाबतीत ती मंडळी भीड बाळगत नसत.

तरीही केवळ सूचीवर विसंबू नये, कारण काही संकलक जुने साल बदलून देतात, तर काही जसेच्या तसे ठेवतात. मूळ पानाचे छायाचित्र मिळवून पाहावे : डिसेंबरच्या नोंदींखाली त्याच सालात जानेवारी-फेब्रुवारीच्या नोंदी चालू असतील आणि नवे साल मार्चअखेरीस पडलेले दिसेल. काही ठिकाणी ‘१७३१/२’ असे जोडसालही आढळते. पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, अशा नोंदवह्या ठेवण्याचा हुकूम १५३८ चा आहे. पुढे त्यांची नक्कल दरसाल बिशपकडे जाऊ लागली आणि डर्बीशर त्या काळी लिचफील्डच्या बिशपच्या अखत्यारीत होते. म्हणून मूळ पान कसरीने खाल्ले असेल, तर ती नक्कल शोधावी. दोन्हींत फरक निघाला, तर मी मूळ वहीला झुकते माप देईन, कारण नक्कल पुष्कळदा वर्षअखेरीस एका बैठकीत उरकलेली असे.

‘पी’ म्हणजे ‘पॉपर’, अर्थात निर्धन. १७८३ पासून प्रत्येक बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदीवर तीन पेन्सचा सरकारी कर बसला, त्यातून गरिबांना सूट होती आणि १७९४ मध्ये तो उठला. तेव्हा ते कुटुंब पॅरिशच्या मदतीवर जगत असेल, किंवा पाद्रीबुवांनी कनवाळूपणे एका शेतमजुराचे तीन पेन्स वाचवले असतील. याचा निवाडा पॅरिशच्या गरीब-निधीचे हिशेब उपलब्ध असल्यास त्यांवरून होईल : त्या साली कुटुंबाला धान्य, जोडे किंवा घरभाडे दिल्याचे तिथे लिहिले आहे का, एवढे पाहावे.