आरोग्य प्रश्नोत्तरे : ‘ड’ जीवनसत्त्वाचा हिशेब

प्रश्न : माझे वय 63 असून मी निवृत्त शिक्षिका आहे. गेल्या वर्षी गुडघेदुखीसाठी तपासणी केली तेव्हा ‘ड’ जीवनसत्त्व कमी निघाले. डॉक्टरांनी आठवड्याला एक याप्रमाणे 8 आठवडे 60,000 युनिटची पुडी दुधातून घ्यायला सांगितली. बरे वाटल्यामुळे मी ती अजूनही घेते. शिवाय मुलाने परदेशातून पाठवलेली ‘ड’ची गोळी (5,000 युनिट), मल्टिव्हिटॅमिन (त्यात 1,000) आणि कॅल्शियमची गोळी (त्यात 500) रोज चालू आहे. थायरॉइडची गोळी 12 वर्षांपासून आहे. पहाटे साडेपाचला रंकाळ्यावर फिरायलाही जाते. जादा जीवनसत्त्वे लघवीवाटे निघून जातात, असे मैत्रिणी म्हणतात. हे सर्व घेत राहणे सुरक्षित आहे का?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपल्या मैत्रिणींचे म्हणणे निम्मेच खरे आहे. ‘क’ आणि ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात व त्यांचा जादा भाग बहुतांशी लघवीवाटे जातो. तरीही ‘ब6’ मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने घेतल्यास नसांना इजा होऊन हातापायांना मुंग्या येतात, आणि गंमत अशी की पुष्कळ जण या गोळ्या मुंग्यांसाठीच घेत असतात. ‘अ’, ‘ड’, ‘ई’ आणि ‘के’ यांची गोष्ट वेगळी आहे. ती स्निग्ध पदार्थांत विरघळतात, आणि त्यांतील ‘ड’ तर शरीरातील चरबीत साठून राहते.

आता आपलाच हिशेब मांडू. आठवड्याची पुडी 60,000, मुलाच्या गोळ्यांचे 35,000, मल्टिव्हिटॅमिनचे 7,000 आणि कॅल्शियमच्या गोळ्यांतील 3,500, असे एकूण 1,05,500 युनिट होतात. म्हणजे रोजचे 15,000 हून अधिक. आपल्या वयाला रोज 600 युनिट पुरतात आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय 4,000 च्या वर जाऊ नये, असे मानले जाते. 60,000 ची पुडी हे कमतरता भरून काढण्याचे औषध आहे, कायमचा खुराक नव्हे. चिठ्ठीवर ‘8 आठवडे’ असे स्पष्ट लिहिलेले असते, पण ती पुन्हा न बघताच दुकानातून पुढच्या चार पुड्या मिळतात, तेव्हा दोष एकट्या आपल्याला देता येणार नाही.

‘ड’ प्रमाणाबाहेर साठले की आतड्यांतून कॅल्शियम अधिक शोषले जाते आणि रक्तातील कॅल्शियम वाढते. मग तहान फार लागते, लघवीला वारंवार जावे लागते, बद्धकोष्ठता होते, अन्नावरची वासना उडते, मळमळते, कधी विसराळूपणाही येतो. आणि ही सारी लक्षणे वयाच्या किंवा उन्हाळ्याच्या नावावर खपून जातात. पुढे मुतखडे होऊ शकतात, मूत्रपिंडांना इजाही होऊ शकते. आपल्याला असे झालेच असेल असे नाही, पण डॉक्टरांना भेटेपर्यंत पुडी आणि परदेशातली गोळी दोन्ही थांबवाव्यात, आणि त्यांच्या सल्ल्याने ‘ड’ जीवनसत्त्व, कॅल्शियम व क्रिएटिनिन यांची रक्ततपासणी करून घ्यावी. जाताना सर्व बाटल्या व पुड्या पिशवीत घालून सोबत न्याव्यात. नुसते “व्हिटॅमिन घेते” म्हटल्याने डॉक्टरांना काहीच कळत नाही. साठा हळूहळू उतरतो, त्यामुळे गोळ्या बंद केल्यावरही काही आठवडे लक्ष ठेवावे लागेल.

थायरॉइडच्या गोळीनंतर कॅल्शियम घेण्यात किमान 4 तासांचे अंतर हवे, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. सकाळी दोन्ही एकदमच घेण्याची सवय अनेक घरांत दिसते. केस-नखांसाठीच्या गोळ्यांत आणि काही मल्टिव्हिटॅमिनमध्ये बायोटिन असते. त्याची मात्रा मोठी असल्यास थायरॉइडचा अहवाल चुकीचा येऊ शकतो, म्हणून डॉक्टरांना विचारून तपासणीपूर्वी दोन दिवस ते बंद ठेवावे.

राहिले रंकाळ्यावरचे फिरणे. ते जरूर चालू ठेवावे, पण पहाटे साडेपाचला सूर्यच उगवलेला नसतो. ‘ड’ तयार करणारे किरण दुपारच्या आसपास सर्वांत प्रभावी असतात, आणि तेही अंगभर पदर व स्कार्फ असल्यास त्वचेपर्यंत पोचत नाहीत.

प्रश्न : सुनेला दुसरा महिना आहे. ताकद यावी म्हणून शेजारच्या काकूंनी कॉड लिव्हर ऑइल सुचवले आहे. ते द्यावे का? फॉलिक ॲसिडची गोळी चालू आहे.
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : देऊ नये. त्या तेलात ‘अ’ जीवनसत्त्व रेटिनॉलच्या रूपात असते, आणि गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत रोज 10,000 युनिटच्या वर ते पोटात गेल्यास बाळात जन्मजात व्यंग होण्याचा धोका वाढतो. गाजर, लाल भोपळा, पालेभाज्या यांतील ‘अ’ची भीती नाही, कारण शरीर गरजेपुरतेच त्याचे रूपांतर करते. फॉलिक ॲसिड मात्र एकही दिवस चुकवू नये. त्यामुळे बाळाच्या मणक्याचे व मेंदूचे दोष टळण्यास मदत होते. तिसरा महिना संपल्यावर आरोग्य केंद्रातून लोह व फॉलिक ॲसिडची गोळी 180 दिवसांसाठी मिळते. ती चहासोबत देऊ नये.