वाघळात वाघ नाही

प्रश्न असा आलाय: वटवाघळाला पिसं नसतात, मग त्याच्या पंखांना ‘पंख’ म्हणणं चूक ना? ‘चर्मपटल’ म्हणावं का?

चूक अजिबात नाही. पंख म्हणजे पिसंच, हे खूळ कुणी पसरवलं कोण जाणे, हल्ली फार ऐकू येतं. ‘पंख’ आला ‘पक्ष’वरून, आणि पक्ष म्हणजे बाजू. दुपाखी घराच्या पाखांना कुठे पिसं असतात? चर्मपटल हे नुसत्या कातडीचं नाव; लांबलेल्या चार बोटांवर ती ताणली की मग पंख होतो. आणि एवढी हौसच असेल तर अमरसिंहाच्या जुन्या संस्कृत कोशातला, अमरकोशातला, ‘अजिनपत्रा’ घ्या; हे वटवाघळाचंच नाव. अजिन म्हणजे कातडं, पत्र म्हणजे पंख. कातड्याला पंख म्हणायला अमरसिंह अडखळला नाही, आपण का अडखळतो?

घोळ घातलाच असेल तर तो फ्रेंचांनी. क्लेमां आदेरने १८९० साली आपलं वाफेवरचं उडतं यंत्र ‘एओल’ जमिनीवरून जेमतेम वीतभर उचलून ५० मीटरभर नेलं. पंख थेट वटवाघळाचे, बोटांच्या हाडांसकट! आणि असल्या यंत्रासाठी शब्द घडवला ‘आव्हियों’, लॅटिन ‘आव्हिस’वरून. आव्हिस म्हणजे पक्षी. फ्रेंचमध्ये विमानाला आजही तेच म्हणतात.

पण खरी मजा ‘वाघूळ’मध्ये आहे. ‘वडावरचा वाघ’ ही फोड ऐकली की माझं डोकं फिरतं. फळं खाणारा वाघ? संस्कृत वल्गुली, पाली वग्गुलि, गुजरातीत वागोळ. वाघ कुठेच नाही. ‘ग’चा ‘घ’ मात्र मराठीत वाघानेच केला असावा, कारण कानाला ओळखीचा शब्द जवळ होता. माझा लाडका तर्क याहून पुढचा: वल्ग् म्हणजे उसळणं, उड्या मारणं. म्हणजे ‘वल्गना’ आणि ‘वाघूळ’ सख्खी भावंडं, दोघंही आधाराशिवाय हवेत!

यावर एका संस्कृतज्ञांनी मला सुनावलं की वल्गुली ‘वल्गु’वरून, आणि वल्गु म्हणजे सुंदर. त्यांनी एकदा तिन्हीसांजेला वाघळांच्या वडाखाली उभं राहून यावं. छत्री न घेता.