'सरकार', 'शासन' आणि 'संसद'

परभणीच्या एका वाचकाने विचारले आहे की, लोकशाहीवरील निबंधात 'सरकार', 'शासन' आणि 'संसद' हे शब्द एकमेकांऐवजी वापरले तर चालतील काय. पहिले दोन बहुतेक ठिकाणी चालतील, तिसरा मुळीच नाही. 'सरकारने कायदा केला' हे वाक्य बातम्यांत रोज कानी पडते आणि रोज खटकते. सरकार विधेयक मांडते. कायदा संसद करते, आणि संविधानाच्या कलम ७९ प्रमाणे राष्ट्रपती व दोन्ही सभागृहे मिळून संसद होते. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने निघणारा अध्यादेशदेखील संसद पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत संमत न झाल्यास निष्प्रभ होतो.

'संसद'ची व्युत्पत्ती सरळ आहे: सम् आणि सद्, म्हणजे एकत्र बसणे. 'सदस्य' आणि 'परिषद' त्याच धातूचे. खरी मौज 'सरकार'मध्ये आहे. शब्द फारसी, 'सर' म्हणजे डोके, 'कार' म्हणजे काम. परंतु हे 'सर' संस्कृत 'शिरस्'च्या आणि 'कार' हे 'कृ' धातूच्या सख्ख्या नात्यातले आहे, त्यामुळे या शब्दाला परका ठरवून त्याच्या जागी 'शासन' बसवणाऱ्या शुद्धिवाद्यांनी नेमके काय शुद्ध केले, हे मला आजवर उमगलेले नाही. 'शास्' म्हणजे शिकवणे, आज्ञा करणे, दंड करणे. 'चोराला शासन झाले' असे आपण म्हणतो तेव्हा शिक्षाच अभिप्रेत असते. लोकांनी निवडून दिलेल्यांना कामाचे नाव नाकारून छडीचे नाव द्यायचे, याला कोशकारांनीही मान डोलवावी, हे विशेष.

मराठवाड्याला तर राज्याचा पैसा आणि राज्यकर्त्याचा पैसा यांतला भेद अंगवळणी असायला हवा. निजामी राजवटीत 'दिवाणी' मुलखाचा महसूल राज्याचा असे आणि 'सर्फेखास' मुलखाचा निजामाच्या खासगी खर्चाचा. 'सर्फ' म्हणजे खर्चच. १९४९ मध्ये सर्फेखास विलीन झाले. आज कलम ११४ अन्वये संसदेने कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय भारताच्या एकत्रित निधीतून, म्हणजे केंद्राच्या तिजोरीतून, सरकारला पैसा काढता येत नाही. 'सरकार' आणि 'संसद' एकच मानले, तर मागणारा आणि मंजूर करणारा यांतला हा फरकच पुसला जातो.

राहिला 'शासन निर्णय'. ती संज्ञा रूढ आहे, तिला माझा विरोध नाही. मात्र तो मंत्रालयातून निघणारा कार्यकारी आदेश असतो, विधिमंडळाने संमत केलेला कायदा नव्हे, आणि निबंधात त्याला कायदा म्हटल्यास गुण कापावेत.