लॅब्राडोरचे केस घरभर होतात. उन्हाळ्याआधी मशीन मारून टक्कल केलं तर चालेल का?

नाही चालणार. मशीन परत ठेवा.

तुम्ही लिहिलंय की धुळ्यात राहता, पाहुणे सोफ्यावर बसायला कचरतात, काळ्या पँटला केस चिकटतात आणि शेजारी म्हणतात, 'मशीन मारून टाका, उन्हाळ्यात कुत्र्यालाही बरं.' व्हॅक्यूम क्लीनर कोणता घ्यावा, हेही विचारलंय. ते नंतर बघू. 'कुत्र्यालाही बरं' हे वाक्य मी आमच्या दाजींच्या तोंडून ऐकलंय, म्हणून आधी तेवढंच घेतो.

आम्ही अमळनेरकडचे. आमच्याकडे पिंट्या होता. विकणाऱ्याने पॉमेरियन म्हणून दिलेला, निघाला स्पिट्झ. आपल्याकडे 'पामोलियन' म्हणून जे पांढरं झुबकेदार कुत्रं दिसतं ते बहुतेक वेळा स्पिट्झच असतं. केस म्हणाल तर होळीनंतर घरात चालताना पायात यायचे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई माहेरी आली, मागोमाग दाजी आले. घागर पूजली, ताट मांडलं, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी. दाजींच्या वाटीत एक पांढरा केस निघाला. आता घरात पिंट्याही पांढरा आणि आजीही पांढरी, पण जावयाच्या वाटीत आजीचा केस कसा निघेल? कुत्र्याचाच. दाजींनी वाटी सरकवली आणि म्हणाले, "घरमा कुत्रं कसाले पाहिजे?" मी तोंड उघडणार तोच आईने डोळे वटारले, "जावाई शेतस, काही बोलू नको."

दुसऱ्या दिवशी मी बँकेच्या कामाला बाहेर होतो. आलो तर ओट्यावर पांढरा ढीग, आणि पिंट्या दिवाणाखाली. दाजींनी गावातल्या सलूनमधून मशीन मागवून डोक्यापासून शेपटीपर्यंत सफाचट केला होता. वर मलाच म्हणतात, "बघ, आता हलका झाला. गरमीत त्यालाही बरं."

मे महिना, पारा पंचेचाळीसच्या पुढे. अंगणात गेला की त्या गुलाबी कातडीवर ऊन थेट. चार-पाच दिवसांत पाठ लाल झाली, मग पापुद्रे सुटले. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडा पंजाच्या गादीला येतो, बाकी सगळं काम जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. त्यामुळे केस काढले म्हणजे वारा लागून गार वाटेल हा माणसाचा हिशोब, त्याला लागू नाही. त्याच्या अंगावर दोन थर असतात. आत लोकरीसारखा मऊ, बाहेर लांब राठ केसांचा. बाहेरचा थर ऊन अडवतो आणि मधे कोंडलेली हवा झळ आत येऊ देत नाही. आतली मेलेली लोकर विंचरून काढली की बाकीचं अंग स्वतःचं बघून घेतं. तुमच्या लॅब्राडोरलाही हेच दोन थर आहेत, आखूड आहेत एवढंच.

आणि केस गळायचे थांबले का? मुळीच नाही. गळणं मुळापासून होतं, मशीन वरून चालते. गळणारे केस तेवढेच, फक्त आखूड. आधी लांब केस गोळा होऊन कोपऱ्यात गुंडाळी व्हायची, हाताने उचलता यायची. नंतर ते खुंट गोधडीत उभे रुतायला लागले, बसलं की टोचायचे. आई, जी दाजींच्या बाजूची होती, तीच गोधड्या उन्हात टाकून एकेक खुंट उपटत बसली. बोलली मात्र काही नाही.

परत उगवले ते कसे, तेही सांगतो. आधी आतली लोकर आली, बाहेरचे राठ केस मागे राहिले. कंबरेच्या वर एक चट्टा पुढच्या आखाजीपर्यंत उघडाच होता. डॉक्टर म्हणाले, दोन थरांच्या जातींत मशीन मारल्यावर असं होतं, कधी वर्ष-दीड वर्ष लागतं, कधी पहिल्यासारखं येतच नाही. हे मी ताईला फोनवर सांगितलं. तिने दाजींना सांगितलं. दाजी म्हणाले, डॉक्टर पैशांसाठी काहीही सांगतात.

आता दाजींचं घर बघा. २०२१-२२ ला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता, म्हणून पुढच्या हंगामात दाजींनीही, अर्ध्या खानदेशाने केलं तसं, कापूस विकला नाही. पुढची खोली छतापर्यंत भरली. भाव काही आला नाही, उन्हाळा आला. त्या कापसाने ताई, भाचे, सगळे अंग खाजवतायत, रात्री झोप नाही, चहाच्या कपात रुईचे तंतू तरंगतायत. मी गेलो तेव्हा माझ्या कपातही होते. मी तो चहा प्यालो, वाटी सरकवली नाही. पण एवढं बघून आल्यावर कोणी मला कुत्र्याच्या केसांवरून स्वच्छता शिकवावी, हे पचत नाही.

दाजींचा दुसरा मुद्दा दम्याचा. कुत्र्याच्या केसाने दमा होतो म्हणे. ज्याला त्रास होतो त्याला तो कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळे होतो. केस फक्त ते वाहून नेतो. टक्कल केलेलं कुत्रंही चाटतं आणि कोंडाही झडतो. घरात खरंच कोणाला धाप लागत असेल तर कुत्रं निदान झोपायच्या खोलीत येऊ देऊ नका आणि डॉक्टरला दाखवा, न्हाव्याला नको.

करायचं काय, तर रोज सकाळी ऊन चढायच्या आत अंगणात न्यायचं आणि विंचरायचं. घरात विंचरू नका, मेहनत फुकट जाते. लॅब्राडोरला आखूड दातांचा आतली लोकर काढायचा ब्रश किंवा रबराचा ब्रश मिळतो, तो घ्या. माणसाची फणी वरवर फिरते. दाबून खरवडू नका, कातडी सोलते. आंघोळ सारखी घालू नका, आणि माणसाचा शाम्पू तर नकोच, कातडी कोरडी पडून केस जास्त गळतात.

झाडायच्या आधी पंखा आणि कूलर बंद. ही गोष्ट आमच्याकडे कोणाच्या डोक्यात शिरत नाही. कूलर समोर भणभणतोय आणि फूलझाडूने केस गोळा करतायत! ओलं फडकं आधी फिरवा, मग झाडा. सोफ्यावर भांडी घासायचे रबरी हातमोजे ओले करून एकाच दिशेने हात फिरवा, केस वळून येतात. बाथरूमचा रबरी वायपर गादीवर ओढला तरी तेच. चादरी मशीनमध्ये टाकण्याआधी कोरड्याच झटका, ओला केस चिकटून बसतो आणि फिल्टर तुंबतो. फ्रिजला मागे उघडी जाळी असेल तर तिथेही बघा, केस साचले की फ्रिज गार करत नाही आणि आपण गॅस संपला म्हणून मेकॅनिक बोलावतो.

खायला घरचं उरलंसुरलं देत असाल तर शेवभाजी, भरीत बंद करा. कांदा-लसूण कुत्र्याला विषच आहे, केसांचं तर पुढेच.

लॅब्राडोर वर्षभर गळतेच, त्यात होळीनंतर आणि दिवाळीच्या आसपास जास्त. ऋतूप्रमाणे दिवस लहान-मोठा होतो त्यावर ते चालतं, आणि घरात रात्री उशिरापर्यंत दिवे असतात म्हणून पाळलेल्या कुत्र्यांत ते लांबत जातं. अंगभर एकसारखं गळत असेल तर काळजी नाही. पण कुठे चट्टा पडला, कातडी लाल झाली, वास यायला लागला, सारखं खाजवतंय, तर तो सीझन नाही. गोचीड, खरूज, बुरशी, थायरॉइड, काहीही असू शकतं. पशुवैद्यकाकडे न्या.

हो, मशीन कधीच मारू नये असंही नाही. केसांच्या गाठी कातडीपर्यंत गेल्या असतील, जखम असेल, ऑपरेशन असेल तर डॉक्टर स्वतःच तेवढा भाग भादरतात. पूडल, शिह त्झू यांचे केस वाढतच राहतात, त्यांना कापावेच लागतात. दाजींना हा फरक माहीत होता असं मात्र म्हणू नका.

व्हॅक्यूमचं मला सांगता येणार नाही, आमच्याकडे वायपरवर भागलं. वापरणारा कोणी असेल तर त्याने खाली लिहावं.